दोन ड्रॉवरचं साइड टेबल घरी बनवताना: मापं, कामाचा क्रम आणि ड्रॉवर का अडकतात

प्रश्न थोडक्यात असा: पलंगाशेजारी ठेवायला दोन ड्रॉवरचं साधं साइड टेबल घरीच बनवायचं आहे. हाताशी ड्रिल, हातात धरून चालवायची चकतीची करवत आणि नेहमीची किरकोळ हत्यारं आहेत, टेबल-सॉ (टेबलात बसवलेली करवत) नाही. मापं कशी काढावीत, काम कोणत्या क्रमाने करावं आणि ड्रॉवर अडकू नयेत म्हणून काय सांभाळावं?

क्रमापासूनच सुरुवात करू, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. कागदावर मापं काढायची, सगळे तुकडे एकदम कापायचे आणि मग जोडायला बसायचं, असा सरळ विचार असतो. खोक्यापुरता, म्हणजे टेबलाच्या बाहेरच्या सांगाड्यापुरता, तो चालतो. खोकं दोन मिमी इकडेतिकडे झालं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ड्रॉवर मात्र एका मिलिमीटरचीही गय करत नाही. म्हणून खोकं आधी पूर्ण जोडायचं, ड्रॉवरच्या डब्याचं माप त्या तयार खोक्यातून घ्यायचं, आणि समोरून दिसणाऱ्या फळ्या सगळ्यात शेवटी, ड्रॉवर नीट चालायला लागल्यावर बसवायच्या. दर्शनी फळी डब्याला वेगळी लावायची, डब्याचाच भाग करायची नाही. एवढं पाळलं तर टेबल-सॉ नसल्याने काही बिघडत नाही.

मापं

टेबलाची उंची गादीच्या वरच्या पातळीइतकी किंवा त्याहून थोडी खाली ठेवा. गादी धरून पलंग ५५० ते ६०० मिमी उंच असेल तर ५५० मिमीचं टेबल बरोबर बसतं. रुंदी ४५० आणि खोली ४०० मिमीच्या आसपास असली की दिवा, पाण्याचा तांब्या आणि पुस्तक मावतं. पलंग फारच बुटका किंवा उंच असेल तर फक्त बाजूंची, पाठीची आणि दर्शनी फळ्यांची उंची (आणि त्यानुसार वरच्या ड्रॉवरची जागा) बदला, बाकी हिशेब तोच राहतो.

१८ मिमी प्लायचे तुकडे:

- बाजू: २ नग, ५३२ × ३९४
- टॉप: १ नग, ४५० × ४३०
- तळ: १ नग, ४१४ × ३९४
- वरच्या आडव्या पट्ट्या: २ नग, ४१४ × ७०
- स्कर्टिंग (जमिनीलगतची पुढची पट्टी): १ नग, ४१४ × ७०
- दर्शनी फळ्या: २ नग, तयार माप ४४६ × २२८

६ मिमी प्लायमधून पाठ, ४४८ × ४६२, आणि दोन ड्रॉवरचे तळ. १२ मिमी प्लायमधून दोन डब्यांचे आठ तुकडे, प्रत्येकी १६० मिमी रुंद, पण त्यांची लांबी आत्ता कापायची नाही. फक्त १६० च्या पट्ट्या काढून ठेवा.

१२२० × १२२० चा १८ मिमी तुकडा, म्हणजे पूर्ण शीटचा अर्धा भाग, यात वरचं सगळं बसतं. एका उभ्या पट्ट्यात दोन्ही बाजू, दुसऱ्यात टॉप, तळ आणि तिन्ही अरुंद पट्ट्या, तिसऱ्यात दर्शनी फळ्या. तिसऱ्या पट्ट्यात दीडशे मिमी रुंदीची एक लांब चिरफळी उरेल. ती टाकू नका, पुढे लागणार आहे. १२ मिमी आणि ६ मिमी प्लायचा प्रत्येकी १२२० × ६१० चा तुकडा पुरतो. कापण्यात दर वेळी पात्याच्या जाडीइतका, साधारण ३ मिमी, प्लाय जातो. तो न धरता आखणी केली की शेवटचा तुकडा नेमका आखूड निघतो.

आता हे आकडे आले कुठून ते बघा, म्हणजे माप बदलायची वेळ आली तर अडणार नाही. बाजू थेट जमिनीवर उभ्या राहतात. तळाची खालची बाजू जमिनीपासून ७० मिमी वर, त्याखाली स्कर्टिंग. दर्शनी फळ्या तळाच्या खालच्या कडेपासून टॉपच्या खालपर्यंत येतात: ५३२ वजा ७०, म्हणजे ४६२ मिमी. त्यातून टॉपखाली ३ आणि दोन फळ्यांच्या मध्ये ३ मिमी फट सोडली की ४५६ उरतात, त्याचे दोन भाग २२८. रुंदीत दोन्हीकडे २ मिमी सोडून ४४६. पट्टीवर मोजायला आणि डोळ्याला दिसायला ३ मिमी, म्हणजे साधारण एक सूत, ही फट सोयीची. १ मिमीची फट कागदावर सुबक वाटते, पण पावसाळ्यात बोर्ड जरा फुगला की फळ्या एकमेकींना घासतात.

हे तयार माप आहे, हे विसरू नका. कडांना १ मिमीची पट्टी लावणार असाल तर फळी ४४४ × २२६ कापा. २ मिमीची पट्टी असेल तर ४४२ × २२४.

माल निवडताना

खोक्याला १८ मिमी प्लाय, डब्याला १२ मिमी, तळाला आणि पाठीला ६ मिमी. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतो आणि रंग त्यावर छान बसतो, पण त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही, थर उलतात. घरी पहिल्यांदाच करत असाल तर प्लायच घ्या. झोपायच्या खोलीतली वस्तू आहे, त्यामुळे बोर्डावर ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची (म्हणजे गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू कमी सुटतो, अशी) खूण आहे का हे पाहून घ्यावं. बंद ड्रॉवरमध्ये गोंदाचा वास बराच काळ कोंडून राहतो.

शीट घेताना ती उभी करून कडेवरून एक डोळा मिटून बघा. लांबीला बाक असेल तर लहान तुकड्यांत तो फारसा जाणवत नाही. पण पीळ असेल, म्हणजे एक कोपरा उचललेला असेल, तर ती शीट घेऊच नका. पीळ कापल्यावरही तुकड्यात राहतो आणि थेट दर्शनी फळीवर दिसतो.

आणि जाडी मोजा. १८ मिमी म्हणून मिळणारा प्लाय कधी १७.५ भरतो, १२ चा कधी ११.५ तर कधी १२.४. खोक्याची आतली रुंदी तळाच्या ४१४ मिमी लांबीवर ठरते, त्यामुळे १८ च्या फरकाने ड्रॉवरला काही होत नाही, फक्त बाहेरची रुंदी बदलते आणि टॉप व दर्शनी फळ्या त्यानुसार कापाव्या लागतात. १२ मिमीचा फरक मात्र सरळ डब्याच्या रुंदीत जातो, आणि तोही दुप्पट.

चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या, साध्या बॉल-बेअरिंगच्या टेलिस्कोपिक घ्या: ३५० मिमी लांब, ४५ मिमी उंच, पूर्ण बाहेर येणाऱ्या, दोन जोड्या. आत ३९४ मिमी खोली आहे, म्हणजे ४०० ची बसणार नाही आणि ३०० ची घेतली तर जागा वाया जाईल. आपोआप हळू बंद होणाऱ्या चॅनेल छान वाटतात, पण त्या बसवायला जास्त काटेकोर असतात आणि रिकामा, हलका ड्रॉवर त्या नीट ओढून घेत नाहीत. पहिल्या कामाला साध्याच बऱ्या.

बाकी सामान: लाकडाचा पांढरा गोंद, ४ × ५० चे स्क्रू साधारण ३०, डब्यांना ३ × ३५ चे २४, तळ व पाठीला ३ × १६ चे ४०, दर्शनी फळ्या आणि टॉपसाठी ४ × २५ चे १६, चॅनेलसाठी चपट्या माथ्याचे ३.५ × १२ आणि ३.५ × १६. ड्रिलचे २, ३, ४ आणि ६ मिमी बिट, माथा बसवायचा काउंटरसिंक बिट, गुण्या, पोलादी पट्टी, आणि किमान दोन क्लॅम्प, ५०० मिमी तरी उघडणारे, त्यातला एक कर्णावर लावता येईल असा ७०० च्या वर उघडणारा.

कापणं

दुकानात पॅनल-सॉवर कापून मिळत असेल तर मोठे तुकडे तिथेच कापून घ्या, यात कमीपणा काही नाही. घरी कापताना चकतीच्या करवतीला सरळ पट्टीचा आधार द्यावाच लागतो. पातं आणि करवतीच्या तळपट्टीची कड यांतलं अंतर एकदा टाकाऊ तुकड्यावर मोजून ठेवा आणि रेघेपासून तेवढ्या अंतरावर आधारपट्टी क्लॅम्प करा. चकतीचे दात खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवा. हातकरवतीचे दात वरून खाली जातात, तिथे चांगली बाजू वर. रेघेवर कागदी टेप चिकटवली तर कडेचे टवके कमी उडतात. डोळ्याला चष्मा आणि नाकाला मास्क हवाच, विशेषतः एमडीएफ कापत असाल तर.

जोडीचे तुकडे एकाच मापाचे असणं हे माप अचूक असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. दोन्ही बाजू ५३१ निघाल्या तर काही बिघडत नाही. एक ५३२ आणि दुसरी ५३१ निघाली तर टेबल एका अंगाला कलतं. म्हणून तळ, दोन आडव्या पट्ट्या आणि स्कर्टिंग यांची ४१४ ही लांबी एकाच बैठकीत, आधार न हलवता कापा. या चार तुकड्यांत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर सगळे एकत्र क्लॅम्प करून रंध्याने सारखे करून घ्या. आतली रुंदी वर, खाली, पुढे, मागे एकच राहते ती याच चौघांमुळे.

कापल्या कापल्या प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने लिहा: डावी बाजू, उजवी बाजू, पुढची कड, वर. दोन डाव्या बाजू तयार होणं हा या कामातला सर्वांत सामान्य गोंधळ आहे.

चॅनेल आधी, खोकं नंतर

बाजू सुट्या असतानाच त्यांच्यावर चॅनेलचा खोक्याकडचा भाग लावून घ्या. टेबलावर आडव्या फळीवर स्क्रू मारणं सोपं. खोकं झाल्यावर आत हात आणि ड्रिल घालून तेच करणं त्रासाचं. त्याआधी दोन गोष्टी उरकायच्या: बाजूंच्या पुढच्या कडांना पट्टी लावणं, आणि आतून लॅमिनेट लावायचं असेल तर तेही.

बाजूच्या खालच्या टोकापासून चॅनेलच्या मधल्या रेघेची उंची १६० आणि ३९१ मिमी. यांच्यातलं अंतर २३१, म्हणजे दर्शनी फळीची उंची अधिक एक फट. हा ताळा जुळला पाहिजे. जुळत नसेल तर दोन्ही फळ्या एकसारख्या बसणार नाहीत.

आता ही रेघ मोजून आखायच्या भानगडीत पडू नका. उरलेली दीडशे मिमीची चिरफळी घ्या, तिचे दोन तुकडे बरोबर ३६८.५ मिमी लांबीचे कापा. बाजू आडवी ठेवा, हे दोन तुकडे तिच्यावर उभ्या दिशेने, एक पुढच्या कडेजवळ आणि एक मागे, खालच्या कडेला तंतोतंत मिळवून क्लॅम्प करा आणि वरची चॅनेल त्यांच्या टोकांना टेकवून स्क्रू करा. चॅनेलची उंची ४५, तिचा अर्धा २२.५, म्हणून मधली रेघ आपोआप ३९१ वर येते. दुसऱ्या बाजूलाही तेच तुकडे वापरा. दोन्हीकडच्या वरच्या चॅनेल झाल्या की त्याच तुकड्यांना १३७.५ मिमीपर्यंत कापा आणि खालच्या चॅनेल बसवा. तुमची पट्टी अर्धा मिमी चुकीचं दाखवत असली तरी डावी-उजवी चूक सारखीच होईल, आणि ड्रॉवरला तेवढंच हवं असतं.

चॅनेलचं पुढचं टोक बाजूच्या कडेपासून २ मिमी आत ठेवा. आधी आडव्या लांबट भोकांतून दोनच स्क्रू मारा, तेही पूर्ण न आवळता. गोल भोकांतले स्क्रू ड्रॉवर चालवून बघितल्यावर. स्क्रूचा माथा चॅनेलच्या आत पूर्ण बसला पाहिजे. जरा जरी वर राहिला तरी आतली पट्टी त्याला घासून खरखरते आणि गोळ्यांची जाळी तुटते. इथे १६ मिमीचे स्क्रू, डब्याला १२ मिमीचे. चुकून अदलाबदल झाली तर डब्यात आतून टोकं बाहेर येतात आणि कपडे फाटतात.

खोकं जोडणं

प्लायच्या कडेत स्क्रू मारण्याआधी भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर थर उलतात. बाहेरच्या फळीत ४ मिमीचं आरपार, आतल्या कडेत ३ मिमीचं, स्क्रूच्या लांबीइतकं खोल. आरपार भोकामुळे स्क्रूचे आटे पहिल्या फळीत अडकत नाहीत आणि दोन्ही फळ्या घट्ट ओढल्या जातात. टोकापासून पहिला स्क्रू ४० ते ५० मिमीवर, रेघ कडेच्या बरोबर मध्यावर.

बाहेरून स्क्रूचे माथे दिसायला नको असतील तर तळासाठी सोपा उपाय आहे: उरलेल्या प्लायच्या २५ मिमीच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना आतून, ४५ मिमी उंचीवर गोंद आणि स्क्रूने लावा, तळ त्यांच्यावर बसवा आणि खालून स्क्रू करा. पट्टीची वरची कड ७० वर येते. स्कर्टिंग पुढे आलं की त्या दिसत नाहीत. या पट्ट्यांत स्क्रू ३० मिमीचे वापरा, ५० चे बाहेर निघतील. वरच्या आडव्या पट्ट्यांना मात्र बाहेरून दोन-दोन स्क्रू द्यावे लागतात. तिथे माथा खोल बसवून वर लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) भरा किंवा लाकडी गुटका ठोका. तिरकी भोकं पाडायचा साचा (जिग) असेल तर प्रश्नच नाही.

क्रम असा: एक बाजू आडवी, तिच्यावर तळ आणि दोन आडव्या पट्ट्या उभ्या, वरून दुसरी बाजू. आडव्या पट्ट्या झोपवून लावायच्या, वरच्या कडेला मिळवून, एक पुढे एक मागे. पुढच्या पट्टीची कड बाजूंच्या पुढच्या कडेच्या बाहेर येता कामा नये. मग स्कर्टिंग, पुढच्या कडेपासून ४० मिमी आत, म्हणजे पायाची बोटं लागत नाहीत.

गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. मागच्या बाजूने, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि उलट. ४५० × ५३२ च्या खोक्याचा कर्ण ६९७ मिमीच्या आसपास येतो. आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते महत्त्वाचं. १ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून हळूहळू आवळा. सारखे झाले की त्याच क्षणी पाठ लावून टाका: कडांना गोंद, दर १०० मिमीवर १६ मिमीचा स्क्रू. काटकोन पुढे टिकतो तो या ६ मिमीच्या पाठीमुळे. पाठ न लावता खोकं रात्रभर वाळत ठेवलं की सकाळी ते तिरकं झालेलं असतं, आणि मग ते सरळ करता येत नाही.

टॉप आडव्या पट्ट्यांमधून, खालून, २५ मिमीच्या स्क्रूंनी. मागे पाठीशी मिळवून, त्यामुळे पुढे तो दर्शनी फळीच्या जरा बाहेर येतो. वरच्या पृष्ठभागावर एकही स्क्रू दिसत नाही.

ड्रॉवरचे डबे

आता खोक्याची आतली रुंदी मोजा: पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही चॅनेलच्या उंचीवर. म्हणजे सहा आकडे. चॅनेल मोजमापात धरू नका, लाकडापासून लाकडापर्यंत. सगळे ४१४ च्या आसपास आणि एकमेकांपासून १ मिमीच्या आत असले की झालं. त्यातला सर्वांत लहान आकडा घ्या आणि त्यातून २६ वजा करा. ४१४ वजा २६, ३८८. ही डब्याची बाहेरची रुंदी.

२६ का? एका चॅनेलची जाडी १२.७, दोन्हींची २५.४, वर अर्ध्या मिमीची मोकळीक. डबा अर्धा-एक मिमी अरुंद झाला तर चॅनेलमागे पुठ्ठ्याची पातळ पट्टी घालून भागतं. रुंद झाला तर गोळ्यांवर दाब येतो, ड्रॉवर जड चालतो आणि तो डबा रंधून काढण्याशिवाय गत्यंतर नसतं. शंका असेल तिथे अरुंदाकडे झुकावं.

आतून १ मिमीचं लॅमिनेट खोकं जोडल्यानंतर दोन्ही बाजूंना लावलं असेल तर ४१४ चे ४१२ झालेले असतात. ‘माप तर बरोबर होतं, मग ड्रॉवर जात का नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

डब्याच्या बाजू ३५० × १६०, चार नग. पुढचा-मागचा तुकडा बाजूंच्या मध्ये बसतो, म्हणून त्याची लांबी ३८८ वजा प्लायची दोन वेळची प्रत्यक्ष जाडी. प्लाय खरोखर १२ असेल तर ३६४, ११.५ असेल तर ३६५. हेही चार नग, चारही एकदम कापा.

जोडणी साधी, गोंद आणि प्रत्येक कोपऱ्याला तीन स्क्रू. ते कुठे मारायचे हे मात्र ठरवून: खालच्या कडेपासून २०, १०० आणि १४० मिमी. चॅनेल ३७ ते ८३ मिमीच्या पट्ट्यात येणार आहे, तिथे स्क्रूचा माथा नको. भोक २ मिमीचं, नाहीतर १२ मिमीची कड हमखास उलते.

तळासाठी खाच पाडायला राउटर असेल तर उत्तम: खालून १० मिमीवर, ६ मिमी रुंद, ६ मिमी खोल. तेव्हा तळ ३७५ × ३३७ कापा आणि चौथा तुकडा लावण्याआधी सरकवा. राउटर नसेल तर तळ खालूनच गोंद आणि स्क्रूने लावा. एवढ्या लहान ड्रॉवरला तो पुरेसा आहे. त्याचं माप ३८७ × ३४९, डब्यापेक्षा १ मिमी कमी. तळाची कड बाहेर डोकावली की ती चॅनेलला घासते. इथेही आधी कर्ण (साधारण ५२२), मग तळ. तळाचा तुकडा काटकोनात कापला असेल तर डबा त्याच्या कडांना मिळवून सरळ करता येतो.

गोंद वाळायच्या आत डबा सपाट फरशीवर ठेवून एकेक कोपरा बोटाने दाबा. टकटक करत असेल तर पीळ आहे. त्याच अवस्थेत उचललेल्या कोपऱ्यावर वजन ठेवून वाळू द्या. पीळ राहिलेला डबा चॅनेलवर चालतो, पण दर्शनी फळीचा एक कोपरा कायम पुढे आलेला दिसतो. अर्ध्या-एक तासाने क्लॅम्प काढता येतो, पण जोर लावायचं काम दुसऱ्या दिवशी.

ड्रॉवर बसवणं

चॅनेलमधली छोटी काळी कळ दाबून आतली पट्टी सुटी करा. एकीकडची कळ वर, दुसरीकडची खाली दाबावी लागते, हा दोष नाही. डब्याच्या बाजूवर खालच्या कडेपासून ६० मिमीवर रेघ मारा आणि पट्टीचा मध्य तिच्यावर, पुढचं टोक डब्याच्या पुढच्या कडेपासून २ मिमी आत. खोक्यावर जितकं आत, डब्यावरही तितकंच. हे जुळलं नाही तर दर्शनी फळी आधी खोक्याला टेकते, चॅनेल शेवटच्या खटक्यापर्यंत पोचतच नाही आणि ड्रॉवर बंद केला की किंचित उघडतो. इथे उभ्या लांबट भोकांतून दोन स्क्रू, म्हणजे वर-खाली सरकवायला वाव राहतो.

डबा आत घालताना गोळ्यांच्या जाळ्या पुढे ओढून घ्या, दोन्ही पट्ट्या एकाच वेळी सरळ घाला आणि एकदा शेवटपर्यंत ढकला. पहिल्यांदा जरा अडखळतो. जबरदस्तीने तिरका घुसवला तर गोळ्या बाहेर पडतात आणि ती चॅनेल बाद.

चाल बघा. आत जाताना शेवटी जड होत असेल तर खोकं मागे अरुंद आहे. मागच्या टोकाला चॅनेल सैल करून खाली किती दाब आहे ते पाहा, आणि डबाच मागच्या बाजूला अर्धा मिमी रंधून घ्या. सुरुवातीपासून सगळीकडे जड असेल तर डबा रुंद आहे. मध्येच सैल होऊन खडखडत असेल तर तिथे पुठ्ठा घाला. एक बाजू आधी बंद होते आणि दुसरी मागे राहते, याचा अर्थ चॅनेलची पुढची टोकं एका रेषेत नाहीत. आडव्या भोकातला स्क्रू सैल करून सरकवा. डबा एका अंगाला झुकलेला दिसला तर उभ्या भोकातून वर-खाली करा. सगळं जमल्यावरच गोल भोकांत स्क्रू मारून चॅनेल कायम करा.

दर्शनी फळ्या आणि हँडल

दोन्ही ड्रॉवर बंद असताना खालची फळी आधी. तिची खालची कड तळाच्या खालच्या कडेशी मिळवा, दोन्हीकडे २ मिमी. दुतर्फी टेपने तात्पुरती चिकटवून बघता येते, पण खात्रीचा उपाय हँडलचं भोक: फळीवर ते आधीच पाडून ठेवा, फळी जागेवर धरा आणि त्या भोकातून डब्यात एक स्क्रू वॉशर घालून मारा. फळी पक्की राहते. मग ड्रॉवर सावकाश उघडा आणि आतून चार कोपऱ्यांत २५ मिमीचे स्क्रू. १२ अधिक १८ म्हणजे ३०, त्यामुळे २५ चा स्क्रू समोर डोकावत नाही. डब्यातली भोकं ६ मिमीची पाडून मोठा वॉशर लावला तर नंतर फळी दोन-तीन मिमी इकडेतिकडे हलवता येते. हे जरूर करा. टेबल जागेवर ठेवल्यावर फटी थोड्या बदलतातच.

खालच्या फळीवर ३ मिमीचे तुकडे ठेवून त्यावर वरची फळी टेकवा. टॉपखाली आपोआप ३ मिमी उरतात. अर्धा मिमी कमीजास्त निघाला तर तो टॉपखाली जाऊ द्या, दोन फळ्यांमधली फट सारखी ठेवा. नजर तिथेच जाते.

हँडलसोबत येणारे स्क्रू बहुधा एका १८ मिमी फळीसाठी असतात. इथे फळी आणि डबा मिळून ३० मिमी जाडी झाली, तेव्हा ४ मिमी जाडीचे, ४० मिमी लांब मशीन स्क्रू वेगळे आणा. ऐन वेळी आठवलं तर डब्याच्या आतून माथ्यापुरता खड्डा करून भागवता येतं.

पॉलिश, लॅमिनेट

१२० चा पॉलिश पेपर, मग १८०, शेवटी २४०, नेहमी रेघांच्या दिशेने. लांबी भरलेली जागा पॉलिशखाली फिकट दिसते. त्याच प्लायचा बारीक भुसा गोंदात कालवून भरला तर कमी दिसते. बाहेरून पॉलियुरेथेन किंवा पाण्यातलं लॅकर, दोन ते तीन हात, मध्ये २४० ने हलकं घासून. ड्रॉवरच्या आत तेलाचं पॉलिश नको. बंद जागेत त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही आणि कपड्यांना लागतो. आत पाण्यातल्या लॅकरचा एक हात पुरे.

दर्शनी फळीला जे समोरून लावाल ते मागूनही. फक्त एका अंगाला लॅमिनेट किंवा पॉलिश असेल तर दुसरं अंग हवेतला ओलावा जास्त घेतं-सोडतं आणि फळीला बाक येतो. नवं टेबल दोन महिन्यांत ‘वाकलं’ असं वाटतं तेव्हा बहुधा फळीची मागची बाजू कोरी असते. मागे पातळ बॅलन्सिंग लॅमिनेट चालतं, कोरी सोडलेली चालत नाही.

चॅनेलशिवाय करायचं असेल तर

लाकडी सरकपट्ट्यांवरचे ड्रॉवर दिसायला जास्त सुंदर, पण हिशेब वेगळा. डबा दोन्हीकडे १ ते १.५ मिमी मोकळा ठेवावा लागतो, खाली कठीण लाकडाची पट्टी, वर झुकू नये म्हणून दुसरी, आणि सगळ्या घासणाऱ्या जागांवर मेण. मेणबत्तीचं मेणही चालतं. साबण लावू नका, तो ओलावा धरतो. पावसाळ्यात डबा फुगतो, म्हणून कोरड्या दिवसांत तयार केलेला ड्रॉवर जरा सैलच वाटला पाहिजे. डबा जितका रुंद आणि पुढून मागे आखूड, तितका तो तिरका होऊन अडकतो. इथे चॅनेल नसल्याने रुंदी साधारण ४११ आणि खोली ३५० होते, म्हणजे हँडल मध्यभागी एकच असेल तर चालेल. रुंदी याहून वाढवायची असेल तर चॅनेलच घ्या.

याच पद्धतीने तीन-चार ड्रॉवरचं मोठं कपाटही होतं. मापं वाढवताना तीन बदल करावे लागतात. डब्याची रुंदी ६०० मिमीच्या पुढे गेली की ६ मिमीचा तळ झोल खातो, तिथे ९ मिमी वापरा. खोक्याच्या उंचीच्या मध्यावर एक आडवी पट्टी द्या, नाहीतर बाजू आत दबून मधले ड्रॉवर जड होतात. आणि उंच कपाट मागून भिंतीला लोखंडी कोनाने बांधा: भरलेले दोन-तीन ड्रॉवर एकदम बाहेर ओढले किंवा मूल त्यांच्यावर चढलं तर पूर्ण कपाट पुढे कोसळतं. साइड टेबल बुटकं असलं तरी हलकं आहे. घरात लहान मूल असेल तर त्यालाही एक कोन लावून टाका.